एलईडी, क्यूएलईडी आणि आमचे आबा

टीव्हीच्या दुकानात बसलं की रोज टीव्ही विकला जाईलच असं नाही, पण किस्सा मात्र रोज एक तरी जमतो. माल निदान कधीमधी गोडाऊनमधून बाहेर पडतो, किस्से पडून राहतात. मी धामापूरला माहेरी गेले की भावजया चहा टाकायच्या आधी विचारतात, "काय गो, ह्या टायमाक कोण इल्लो दुकानात?" त्यांना माणसाचं नाव नको असतं, गोष्ट हवी असते. मग मी सुरू होते आणि चहा थंड होतो. आता तुम्ही विचारलंच आहे तर तुम्हालाही सांगते.

आधी माणसं ओळखून घ्या, म्हणजे गोंधळ नको. दुकान कुडाळच्या बाजारात. मालक माझे सासरे. सगळा बाजार त्यांना आबा म्हणतो, मीही आबाच म्हणते. रेडिओच्या जमान्यापासून ते याच गाळ्यात बसलेत. त्यांचा मुलगा सुनील, म्हणजे माझा नवरा, लोकांच्या भिंतींना भोकं पाडून टीव्ही बसवतो. आणि मी गिऱ्हाइकाला एलईडी म्हणजे काय, क्यूएलईडी म्हणजे काय आणि ओएलईडी म्हणजे काय ते समजावून सांगते. म्हणजे सांगायला सुरुवात करते. मग आबा मध्ये पडतात.

"एलईडी म्हणजे पडद्याच्या पाटसून दिवे लावलेले," आबा सांगतात. "क्यूएलईडी म्हणजे तोच, पण नटान लग्नाक चललेलो. आणि ओएलईडीत परतेक ठिपको आपणच पेटता नि आपणच इझता. कोणाचा आयकणा नाय, आमच्या सुनीलसारखो!"

एवढ्यावरच गिऱ्हाइकाला सगळं कळतं आणि माझं कंपनीचं ट्रेनिंग फुकट जातं.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण या सगळ्या किश्श्यांच्या मागे ती उभी आहे. हायवेवर एक मोठं शोरूम झालं. गारगार एसी, आपोआप उघडणारा दरवाजा, दारात हात जोडून उभी असलेली मुलगी. आमच्याकडे दारात हात जोडायला कोणी नाही, उलट आबा गिऱ्हाइकालाच विचारतात, "काय रे, खंय होतंस इतके दिवस?" त्या शोरूममुळे आमचा धंदा बसायला लागला. शेजारचा मेडिकलवाला आमचा गाळा भाड्याने मागून गेला. सुनीलला गोव्यातल्या एका कंपनीत फिटरची नोकरी मिळत होती. आबा म्हणाले, "गणपती होवंदेत. मगे ठरवूया, दुकान ठेवचा काय बंद करूचा." आबांनी हे वाक्य हसत म्हटलं आणि मग बराच वेळ ते एकच रिमोट पुसत बसले.

मला दुकान बंद व्हायला नको होतं. सुनील गोव्याला, आबा घरी आणि मी कुठे? तर असे आम्ही तिघं, आणि असा तो गणपतीचा सीझन.

*

मालवणचे विठू तांडेल बायकोला घेऊन आले. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. नुसते दुकानात शिरले तरी वाटलं, कुणीतरी आलं!

आता कंपन्यांचं काय असतं, दुकानात लावायला डेमोचे व्हिडिओ देतात. आणि सगळ्यांचा लाडका विषय एकच, समुद्र! मी ओएलईडी लावला. निळंशार पाणी, फेसाळत्या लाटा.

"काका, बघा ना, पाण्याचा एकेक थेंब वेगळा दिसतोय!"

"थेंब माका दाखवतस बाये?" तांडेल म्हणाले. "दिवसभर तेच्यातच असतंय. घराक येवन परत तोच बघू?"

मी पटकन शेजारचा क्यूएलईडी दाखवला. त्यावर रंगीत मासे पोहत होते. तांडेलांनी बायकोकडे बघितलं आणि दोघं पुढे सरकली. तिसऱ्यावर किनारा, वाळू आणि वाऱ्यावर डोलणारे माड.

"ह्यो तर आमच्या घराच्या मागचो वाटता," बायको म्हणाली.

कोपऱ्यात एक साधा एलईडी होता. त्यावर बर्फाचे डोंगर चालू होते. तांडेल त्याच्यासमोर थांबले. बायकोने तर स्टूल ओढून बैठकच मारली.

"ह्यो दी," तांडेल म्हणाले.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, हा साधा आहे. पहिले दोन याच्याहून चांगले. आणि डोंगर काय, कुठल्याही टीव्हीवर दिसतो."

"माका फसवतस काय? थंय समुद्र आसा, हंय डोंगर आसा. माका डोंगराचो होयो."

आबा गल्ल्यावरून ओरडले, "तेका डोंगर होयो मां? मगे डोंगर दी! आपला काय जाता?"

सुनीलने टीव्ही बसवून दिला. थोड्या दिवसांनी तांडेलांचा फोन. "सुनील, टीव्ही बरो आसा. पण तो डोंगर खंय गेलो?" बिचाऱ्या सुनीलने तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घालून मालवणला नेऊन दिला.

परवा त्यांची बायको बाजारात भेटली. म्हटलं, काका खूश आहेत ना? तर म्हणाली, "खूश कसले गो! रोज सांजचे चादर पांघरून डोंगर बघत बसतत. आणि माका सांगतत, पंखो बंद कर, थंडी वाजता!"

*

गणपतीआधी मुंबईचे चाकरमानी गावच्या घराला टीव्ही घेतात. पैसे मुंबईचे, पसंती मुंबईची, आणि टीव्ही बघणारा गावातला काका.

तसे आमचे भिकूकाका आले. हातात फोन, फोनवर व्हिडिओ कॉल, आणि कॉलवर तीन पुतणे तीन ठिकाणांहून! मी तीन टीव्ही शेजारी शेजारी लावले.

"काका, पयलो एलईडी दाखवा," थोरला म्हणाला. काकांनी फोन एलईडीसमोर धरला.

"आता क्यूएलईडी," मधला म्हणाला. "हेचे रंग जरा जास्तच वाटतत रे."

"ओएलईडी दाखवा, ओएलईडी! तेचो काळो रंग बघूचो असता," धाकटा म्हणाला. तो आयटीत आहे, त्यामुळे काळ्या रंगाबद्दल त्याचं मत घरात मानतात.

काकांच्या फोनच्या काचेला मधोमध तडा. कॅमेऱ्यावर बोटांचे ठसे. त्यातून तिकडे मुंबईत काळा रंग तपासणं चाललं होतं! मी तीन रिमोट घेऊन उभी. पुन्हा एलईडी, पुन्हा क्यूएलईडी, आवाज कमी, आवाज जास्त. काकांचा हात भरून आला.

"आबा, वायच पाणी दी रे," म्हणत काका वळले. हातातला फोनही त्यांच्याबरोबर वळला.

फोनमधून एकदम आरडाओरडा! "काका, हलू नको! ह्योच! ह्योच!"

"काय क्लॅरिटी आसा!" मधला म्हणाला. "ती एसटी बघ, अंगावर येता!"

"आणि तो कुत्रो बघ! केस न् केस दिसता," धाकटा म्हणाला. "काका, हेची किंमत इचारा. कितीव असांदे, ह्योच घेवया!"

काकांनी फोन कुठे रोखलाय ते बघितलं. समोर आमच्या दुकानाचा काचेचा दरवाजा होता. दरवाजाबाहेर रस्ता, रस्त्यावर एसटी आणि पायरीवर आमच्या बाजारातला नेहमीचा कुत्रा. काकांनी आबांकडे बघितलं.

आबा शांतपणे म्हणाले, "तेंका सांग, तो इकूचो नाय. तो दुकानाचो आसा."

*

ओएलईडीचा एक दोष मी गिऱ्हाइकाला सांगतेच. एकच चित्र फार दिवस एकाच जागी ठेवलं, तर त्याची पुसट खूण पडद्यावर कायमची राहू शकते. हे ऐकून लोक दचकतात.

भजनाचे बुवा दचकले नाहीत. त्यांचे डोळे चमकले!

"म्हणजे गणपतीचो फोटो लावन ठेवलो तर गणपती कायमचो रवतलो?"

"राहील बुवा, पण तो बिघाड झाला ना."

"बिघाड कसलो? मगे दुसरा काय बघताना मागे दिसतलो?"

"पुसट दिसेल. बातम्या लावल्या तर बातम्यांच्या मागे..."

"म्हणजे बातमी सांगणारो खोटा बोलूक लागलो तर तेच्या मागे गणपती उभो!" बुवांनी मांडीवर थाप मारली. "पॅक कर!"

मी खोका आणायला वळले. आज ओएलईडी खपला, एक तरी मोठा सौदा झाला म्हणून मी मनातल्या मनात नाचत होते. तेवढ्यात गल्ल्यावरून आबांचा आवाज आला.

"बुवा, इसर्जनाचा काय?"

बुवा थांबले. डोकं खाजवलं. आणि साधा एलईडी घेऊन गेले.

*

रोझी टीचर म्हणजे आमच्या सुनीलच्या चौथीच्या बाई. आता रिटायर झाल्यात, पण सुनील अजून त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढतो. त्यांचा भाऊ गोव्यात, म्हापशाला. त्याने पंचावन्न इंची टीव्ही घेतला. मग टीचरना पंचावन्नहून कमी कसा चालणार?

पण एक अडचण होती. टीव्हीच्या भिंतीवर टीचरच्या घरचा आल्तार. आल्तार म्हणजे त्यांचा लाकडी देव्हारा, त्यात येशूची तसबीर, मेणबत्त्या, जपमाळ. टीव्ही बरोबर त्याच्या खाली येणार.

"टीव्ही आल्तारापेक्षा रुंद असता कामा नये," टीचर म्हणाल्या. त्या दुकानात नेहमी शाळेतलंच मराठी बोलतात. "देव लहान आणि टीव्ही मोठा, हे माझ्या घरात चालायचं नाही."

सुनील घरी जाऊन टेपने मापं घेऊन आला. आल्ताराखाली जेमतेम त्रेचाळीस इंची बसत होता.

"मग त्रेचाळीस घ्या ना टीचर," मी म्हटलं. "क्यूएलईडी देते, मस्त दिसेल."

"म्हणजे भाऊ पंचावन्नवर बघणार आणि मी त्रेचाळीसवर?"

"दुसऱ्या भिंतीवर लावू या का?" सुनीलने भीतभीत विचारलं.

"त्या भिंतीवर माझ्या सासूबाई आहेत," टीचर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बरेच दिवस त्या फिरकल्याच नाहीत. आबांनी मान हलवली. "गेली टीचर. शोरूमात गेली." आम्हा तिघांनाही वाईट वाटलं, कारण टीचर जाणं म्हणजे त्यांच्यामागे त्यांचा अख्खा वाडा जाणं!

आणि एक दिवस टीचर हसत दारात. "पंचावन्न इंची काढा."

"आणि आल्तार?"

"म्हापशाच्या सुताराकडून नवा करून घेतला. फादरही येऊन आशीर्वाद देऊन गेले. आता कसली काळजी नाही."

सुनील टीव्ही बसवायला गेला. नवा आल्तार एवढा थोरला की खालचा पंचावन्न इंची अगदीच केविलवाणा दिसायला लागला. सुनील स्क्रू आवळून खाली उतरला, सामान आवरलं, दारापर्यंत पोचला. मागून हाक आली.

"सुनील, याच्यात पासष्ट इंची येतो का रे?"

*

आमच्या गल्लीतल्या लक्ष्मीआजींचा जुना डबा टीव्ही एकदाचा बंद पडला. नातवाने पैसे पाठवले, आजी दुकानात आल्या. मी ओएलईडी फिरवून दाखवला.

"आजी, बघा, भाकरीपेक्षा पातळ!"

आजींनी टीव्हीच्या कडेवर बोट ठेवलं. "ता बरा गो बाये. पण हेच्यार मांजर खंय बसतला?"

आजींचं मांजर जन्मभर जुन्या टीव्हीवर झोपलेलं. खालून ऊब, वरून क्रोशाचा रुमाल. आजींनी मग दुकानातल्या एकेका टीव्हीच्या मागे जाऊन पाठ बघितली. पुढून कुणाकडेच बघितलं नाही! सगळ्यात जाड पाठीचा एलईडी निवडला, पण त्यावरही मांजर मावण्यासारखं नव्हतं. शेवटी सुनीलने टीव्हीच्या वर भिंतीत एक फळी ठोकून दिली.

आठवड्याने आजी तक्रार घेऊन आल्या.

"फळी मोडली?" मी विचारलं.

"नाय."

"टीव्ही बिघडला?"

"नाय गो. मांजर फळयेर बसता नि शेपटी खाली सोडता. माका अर्धीच सिरियल दिसता!"

सुनील पिशवी उचलून निघालाच होता. आबांनी त्याला हाताने थांबवलं.

"आजये, शेपटी खंयच्या बाजूक येता?"

"उजव्या."

"मगे तू डाव्या बाजूक बस."

आजी आनंदाने परत गेल्या. अजून तशाच बसतात.

*

आता आबांच्या धंद्याची खरी गंमत. म्हणजे ऐकणाऱ्याला गंमत, आम्हाला नाही. आबांची जुनी पद्धत अशी की माणसाने टीव्ही घरी न्यायचा, चार दिवस बघायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत आणायचा. "दुकानातलो टीव्ही नि घरातलो टीव्ही वेगळो दिसता," असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे.

पण गावाला या पद्धतीतून गणपतीपुरत्या फुकट टीव्हीचा शोध लागला!

चतुर्थीच्या आधी जो तो येतो आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग ओएलईडी घरी घेऊन जातो. पाहुणे येतात, भजनं होतात, मुंबईकर "वा वा" करतात. विसर्जन झालं की टीव्ही परत! आणि कारण सगळ्या वाडीचं एकच. "आबा, बरो आसा हां टीव्ही, पण डोळ्यांक जरा तरास होता."

गेल्या वर्षी परबांनी टीव्ही परत आणला तो खोक्यावर नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा ठेवून. सुनील तापला. "आबा, ह्यो आता इकूचो कसो? हेका उदबत्तीचो वास मारता!"

आबा नेवरी चावत म्हणाले, "नेवऱ्यो बऱ्यो झालेत रे."

यंदा चतुर्थी तोंडावर आली आणि परब पुन्हा हजर. "आबा, गेल्या वर्षीचोच टीव्ही आसा मां? आमका तेची सवय झाली आसा."

मी आबांकडे रोखून बघितलं. सुनीलने बघितलं. सकाळीच मेडिकलवाल्याने पुन्हा निरोप पाठवला होता. आबांचा चेहरा लाल झाला. ते गल्ल्यामागून उठून उभे राहिले, आणि मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांना गिऱ्हाइकावर आवाज चढवताना ऐकलं.

"नाय! तो टीव्ही देवचंय नाय!"

परबांचं तोंड उतरलं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. चला, आबा धंदा शिकले!

"तो जुनो झालो," आबा म्हणाले. "औंदा नवीन मॉडेल इला आसा, तो घेवन जा."

*

गणपती गेले. टीव्ही परत आले. सुनील एक दिवस म्हणाला, "आबा, एकदा त्या शोरूमात जावन तरी बघा, ते कशे इकतत ते."

आबा गेले. कुणी ओळखू नये म्हणून इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर टोपी! अख्खा कुडाळ ज्यांना चालण्यावरून ओळखतो, त्यांनी टोपी घालून काय होणार? मी सोबत गेले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलंय.

जाताना आबांनी मला बजावलं, "तोंड उगडूचा नाय. नुसता बघूचा." आम्ही गार हवेत उभे राहिलो. शेजारी एक नवराबायको टीव्ही बघत होती. तिथला सेल्समन कोल्हापूरकडचा, चांगला हसतमुख मुलगा होता.

"सर, पासष्ट इंची घ्या. आता सगळे मोठाच घेतात."

आबा टोपी मागेपुढे करत होते. चेहऱ्यावर नुसती कासाविशी! शेवटी राहवलं नाही.

"रे, तुझी खोली केवडी आसा?" त्यांनी त्या नवऱ्याला विचारलं.

झालं! खोली विचारली, खुर्ची कुठे ते विचारलं, घरात चष्मा कुणाला ते विचारलं. पासष्टचा त्रेचाळीस केला, आणि नवराबायकोने लगेच तो घेतला. तेवढ्यात टोपीखालून कुणीतरी ओळखलं. "अरे, आबा! आबा, आमका पण सांगा मां!" गर्दी जमली. आबा एका टीव्हीकडून दुसऱ्या टीव्हीकडे, मागे लोक, आणि तो सेल्समन आबांची पाण्याची बाटली धरून!

मग मॅनेजर आले. मी मनात म्हटलं, आता दोघांनाही बाहेर काढणार. तर ते हात जोडून म्हणाले, "अंकल, रविवारी इथे फार गर्दी असते. याल का?"

घरी येऊन आबांनी खुशीत सगळं सांगितलं. सुनील डोक्याला हात लावून खाली बसला.

"आबा! तुमी तेंचे टीव्ही इकलात?"

"टीव्ही तेंचे," आबा म्हणाले, "पण गिराईक आमचा होता मरे!"

आम्ही हसलो. आबाही हसले. पण जेवताना पुढ्यातली पेज तशीच ठेवून ते म्हणाले, "सुनील, आता आपल्याक काय सुदारणा नाय. देवीक इचारूया."

*

आमच्याकडे घरातला मोठा प्रश्न अडला की ग्रामदेवीला कौल लावतात. देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडे आणि डावीकडे. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपला प्रश्न देवीला नीट समजावून सांगतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकदा देवीने सांगितलं की विषय संपला. मग घरात कुणी तोंड उघडायचं नाही.

सकाळी आंघोळी करून आम्ही तिघं देवळात गेलो. देवळाचा बाळा गुरव आबांच्या ओळखीचा. त्याने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"आई माझे, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा. तेचा टीव्हीचा दुकान आसा. ता चलवचा असात तर उजवो कौल दी. बंद करून गाळो मेडिकलवाल्याक देवचो असात तर डावो कौल दी. काय ता सांग नि लेकराक मोकळा कर."

आबा हात जोडून, डोळे मिटून उभे होते. सुनीलही उभा होता. गोव्याच्या कंपनीला त्याने अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आणि मी? मी सरळ उजव्या पाकळीकडे टक लावून विनवण्या करत होते. देवीला असा आग्रह करणं बरं नाही, पण केला.

पाकळी काही पडेना. उजवी नाही, डावी नाही. समईची वात चुरचुरत होती. बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

"देवी इचार करता," गुरव म्हणाला.

अजून बराच वेळ गेला. गुरव एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. मग आबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "आबा, एक इचारू?"

"इचार."

"आमचो टीव्ही गेलो. पोरगो म्हणता ओएलईडीच घेवया. तुमका काय वाटता?"

"बाळा! देवीसमोर खंयचे गजाली काढतस!" आबांनी डोळे न उघडता दटावलं.

गुरव वरमला. आबांनी जोडलेले हात कपाळाला लावले. आणि मग आबांचा एक डोळा उघडला.

"टीव्ही खंयच्या खोलयेत लावतलस?"

"भायल्या."

"उजेड येता?"

"भरपूर. टीव्हीच्या समोर मोठा जनेल आसा, उघडला काय ऊन आत."

आबांचा दुसरा डोळाही उघडला. हात जोडलेलेच होते, पण आता ते जोडलेले हात बोलण्याबरोबर वरखाली व्हायला लागले.

"मगे ओएलईडी कशाक? तो काळोखात बरो. तुझ्या त्या उजेडात पडद्यार सिनेमा कमी नि तुझा तोंडच जास्त दिसतला. ता बघूक तुका टीव्ही कशाक होयो?"

"आबा, कौल!" सुनील कुजबुजला. आबांना ऐकूच गेलं नाही.

"मगे साधो एलईडी घेव?" गुरवाने विचारलं.

"साधो दुपारचो फिको पडता. दुपारची सिरियल कोण बघता, तुझी आये मां? तिका दिसाक होया मां? तू आयक माझा. डोळे झाकून क्यूएलईडी घी!"

आणि उजवी पाकळी पडली.

गुरवाने पाकळीकडे बघितलं, देवीकडे बघितलं, मग दोन्ही हात जोडले.

"देवीन उजवो दिल्यान," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण कित्याचो? दुकानाचो काय क्यूएलईडीचो?"

"दुकानाचा!" मी जवळजवळ ओरडलेच. देवळात आहोत हे विसरले.

"पण आबा तेव्हा टीव्हीचा बोलत होते," सुनील म्हणाला.

"मी परत गाऱ्हाणा घालतंय," गुरव म्हणाला. "नीट इचारूया." त्याने मूर्तीवरच्या पाकळ्यांकडे हात नेला.

आबांनी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नको. तिना सांगला ता सांगला."

मग ते देवीसमोर आडवे झाले. बराच वेळ तसेच पडून राहिले. सुनीलने हात देऊन उठवलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, अंगारा लावला आणि गुरवाकडे वळले.

"हां, तर तुझा ता जनेल. पूर्वेक आसा काय पच्छिमेक?"